कापसाची धूळ आणि देहाचे पहारेकरी

यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या सडकेवर कळंब म्हणून गांव आहे. विदर्भांतील भाविकांना तें चिंतामणीमुळें ठाऊक आहे. देवदर्शनासाठीं बहुधा चढावें लागतें. येथें उतरावें लागतें. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं असून जवळच कुंड आहे. स्थलपुराण असें सांगतें कीं, गौतमऋषींच्या शापानें इंद्राच्या देहाला व्याधि जडली, तेव्हां तो ह्या कदंबनगरीस आला, त्यानें चिंतामणीची आराधना केली, आणि येथील तीर्थांत स्नान करून तो पूर्ववत् झाला. पुराणकारांना निदानाचा फारसा खटाटोप करावा लागला नाहीं. शाप हें कारण आणि स्नान हा उपाय, इतकें सांगून त्यांचें भागलें. ह्याच मुलुखांतील साध्या कष्टकऱ्याला होऊं शकणाऱ्या एका रोगाचें कारण शोधण्यास मात्र वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि उपायाच्या बाबतींत तें अजून अर्ध्या वाटेवर आहे.

कळंब तालुका हा कापसाचा मुलूख. रेल्वे येथें २०२४ सालच्या फेब्रुवारींत वर्ध्याहून आली. कापूस त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीवरचीं बोंडें फुटतात, शेतांत सीतादही होतें, बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला लागतात, आणि मग कापसाच्या गाड्या जिनाकडे वळतात. ज्यांनीं चालू जिन आंतून पाहिला असेल त्यांना तेथील हवा विसरतां येणार नाहीं. रेच्यांच्या रांगा घरघरत असतात, एकीकडे सरकी पडते, दुसरीकडे रुई उडते, आणि उन्हाचा कवडसा आंत आला कीं त्यांत धूळ नाचतांना दिसते. ही धूळ म्हणजे नुसती रुई नव्हे. तींत तंतूंचे तुकडे असतात, वाळल्या पानांचा चुरा असतो, बोंडाला बिलगलेल्या हिरव्या पाकळ्या सुकून झालेला भुगा असतो, माती असते. आणि ह्या सर्वांवर स्वार झालेले, डोळ्यांना न दिसणारे जंतु असतात. पुढची सारी हकीकत ह्या शेवटच्या स्वारांची आहे.

अशा धुळींत काम करणाऱ्याला एक विलक्षण अनुभव येतो. सुटीचा दिवस तो घरीं काढतो, मोकळ्या हवेनें त्याला बरें वाटतें. सुटीनंतर कामाचा जो पहिला दिवस, त्या दिवशीं दुपार कलली कीं छाती आवळल्यासारखी होते. श्वास पुरत नाहीं, कोरडा खोकला येतो, कित्येकांच्या अंगांत संध्याकाळीं कसर येते. दुसऱ्या दिवशीं तेंच काम, तीच धूळ, पण त्रास उणा. पुढच्या सुटीनंतर पुन्हां तोच प्रकार. इंग्रजी गिरण्यांतून ह्याला सोमवारचा ताप म्हणत. जेथें साप्ताहिक सुटी गुरुवारीं असेल, तेथें हा सोमवार शुक्रवारीं येईल, एवढाच फरक. वर्षें लोटलीं म्हणजे त्रास एका दिवसापुरता राहत नाहीं. तो सगळा आठवडा व्यापतो, आणि फुप्फुसांची शक्ति खालावते ती मग पुरती परत येत नाहीं.

मँचेस्टरच्या डॉ. जेम्स के यांनीं सूतकताई करणाऱ्या कामगारांच्या छातीच्या दुखण्याचें वर्णन १८३१ सालीं प्रसिद्ध केलें. १८७७ मध्यें फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनीं रोगाला बिसिनोसिस हें नांव दिलें. तलम वस्त्राला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून तें घडविलें. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा ह्याच गृहस्थांचा मुलगा, आणि तो जन्मभर दम्यानें हैराण होता, हा केवळ योगायोग. नांव ठेवल्यानें रोगाचें कारण कळतें असें मात्र नाहीं. कापसाचा तंतु फुप्फुसांना टोंचत असावा, अशी समजूत पुष्कळ काळ चालली. ती खरी असती तर स्वच्छ, पांढरीशुभ्र रुईहि तितकीच बाधली असती.

तसें होत नाहीं हें अमेरिकेंतील एका साध्या घटनेनें दाखविलें. तेथील खेड्यांतून घरगुती गाद्या भरण्याचें काम चालू असतां, हलक्या प्रतीचा, डागाळलेला कापूस हाताळणारीं माणसें अकस्मात् आजारी पडूं लागलीं. थंडी, ताप, मळमळ, छातींत कोंदटलेपण. त्या कापसांत जंतूंची नुसती रेलचेल होती, असें १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासांत आढळलें. विदर्भांतल्या घरांतून ज्याला कवडी म्हणतात, तो किडका, पिवळा पडलेला कापूस पिंजतांना नाकाला पदर कां लावावासा वाटतो, ह्याचें उत्तर त्या तपासांत आहे. पुढें १९८७ मध्यें कॅस्टेलन व त्यांचे सहकारी यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांना निरनिराळ्या कापसांच्या मोजलेल्या धुळींत बसवून त्यांचा श्वास मोजला. धूळ किती आहे ह्यावर श्वासाची घट अवलंबून नव्हती. त्या धुळींत जंतूंचें एक विशिष्ट विष किती आहे, ह्यावर ती अवलंबून होती.

हें विष वैद्यकाला नवें नव्हतें. बर्लिनमध्यें रॉबर्ट कॉख यांच्या हाताखालीं काम करणारे रिशार्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास असें आढळलें कीं, पटकीचे जंतु मेले तरी त्यांच्या देहांतील कांहीं तरी प्राण्यांना मारतें. जंतु जें विष बाहेर टाकतात त्याहून हें निराळें. जंतूच्या कवचांतच तें गुंतलेलें असतें. म्हणून तें अंतर्विष. कापसाच्या झाडावर राहणाऱ्या कित्येक जंतूंच्या कवचांत तें आहे. हे जंतु माणसाला सहसा रोगी करीत नाहींत. ते मरून, चुरा होऊन, धुळीबरोबर छातींत जातात, तेव्हां त्यांच्या कवचाचे तुकडे हाच सारा उपद्रव.

आतां येथें शंका येते. मेलेल्या जंतूचा तुकडा कांहीं करूं शकत नाहीं. तो वाढत नाहीं, पेशींना खात नाहीं. मग छाती आवळते कोणामुळें? उत्तर असें कीं, ती देहच आवळतो. देहाला वाटतें, शत्रु आला. शत्रु आला हें ओळखणारे पहारेकरी देहांत जन्मापासून असतात. देवी काढल्यानें किंवा एकदां गोंवर येऊन गेल्यानें जी प्रतिकारशक्ति मिळते तिच्याहून हे पहारेकरी निराळे. त्यांना शिकवावें लागत नाहीं. जंतूंच्या अंगावर जीं थोडीं ठरावीक लक्षणें असतात तेवढींच त्यांना ओळखतां येतात, पण तीं ते क्षणांत ओळखतात. ह्यांना शास्त्रांत ग्राही म्हणतात. असे पहारेकरी असलेच पाहिजेत, असा तर्क येल विद्यापीठांतील चार्ल्स जेनवे यांनीं १९८९ सालीं मांडला, तेव्हां एकहि प्रत्यक्ष सांपडलेला नव्हता.

सांपडला तो प्रथम माशीमध्यें. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीच्या गर्भाची पाठ-पोट कशी ठरते हें शोधतांना जर्मनींतील क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेंत एक जनुक सांपडलें. त्याला टोल हें नांव पडलें; काय अजब, असा त्या जर्मन शब्दाचा भाव. १९९६ सालीं स्ट्रासबूर्ग येथील ज्यूल हॉफमन यांच्या मंडळीनें दाखविलें कीं, ज्या माशींत टोल निकामी आहे ती बुरशीनें मरते. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे केस उगवलेले त्यांच्या छायाचित्रांत दिसतात. पुढच्याच वर्षीं जेनवे आणि रुस्लान मेद्झितोव यांनीं माणसांतील टोलसदृश ग्राही वर्णिला. राहिला प्रश्न अंतर्विषाचा. अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत उंदरांचा एक वंश होता. इतर उंदीर ज्या अंतर्विषानें मरत त्यानें ह्या उंदरांचें कांहींच बिघडत नसे. ब्रूस बॉयटलर यांनीं वर्षानुवर्षें त्या उंदरांचीं जनुकें चाळलीं आणि १९९८ मध्यें त्यांना दोष सांपडला: टोलसदृश चौथ्या ग्राहींतील एक कण बदललेला होता. बॉयटलर व हॉफमन यांना २०११ सालचें नोबेल पारितोषिक, राल्फ स्टाइनमन यांच्यासह, मिळालें. जेनवे २००३ मध्येंच वारले होते. हें पारितोषिक मृतांस देत नाहींत, म्हणून ज्यानें वाट दाखविली त्याचें नांव यादींत नाहीं.

चौथा ग्राही काम कसा करितो हें पाहिलें म्हणजे कळंबच्या जिनांतील छाती डोळ्यांपुढें येते. धुळीबरोबर आलेला कवचाचा तुकडा प्रथम एक प्रथिन उचलतें, तें तो दुसऱ्याच्या हातीं देतें, दुसरें तिसऱ्याच्या. अखेर तो ग्राहीच्या खोबणींत बसतो. कचेरींतील कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर जावा तसा हा प्रवास, मात्र येथें दिरंगाई नाहीं. खोबण भरतांच दोन ग्राही जवळ येतात आणि पेशीच्या आंत निरोप जातो. भक्षकपेशी सायटोकाइन नांवाचीं रासायनिक हाकांचीं द्रव्यें सोडतात, रक्तांतील श्वेतपेशी श्वासनलिकांत धांवून येतात, नलिकांचें अस्तर सुजतें, वाट अरुंद होते. ह्यालाच दाह म्हणतात. रोज रोज हांक ऐकून पहारेकरी थोडे बधिर होतात आणि सुटीच्या दिवसानें पुन्हां ताजे होतात. सोमवारच्या कोड्याचा उलगडा बहुधा असा आहे. सर्व माणसांचा पहारा सारखा कडक नसतो, हेंहि २००० सालीं दिसून आलें. डेव्हिड श्वार्ट्झ यांच्या मंडळीनें स्वयंसेवकांना अंतर्विष हुंगविलें, तेव्हां ज्यांच्या चौथ्या ग्राहींत जन्मतः थोडा फेर होता त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या श्वासनलिका इतरांइतक्या आकुंचित झाल्या नाहींत. एकाच जिनांत शेजारीं शेजारीं काम करणाऱ्या दोघांपैकीं एक खोकतो आणि दुसरा हंसतो, ह्यांत ढोंग कोणाचेंच नसतें.

इतकें कळल्यावर कोणाच्याहि मनांत येईल तें वैद्यांच्या मनांत आलें. ग्राहीच्या खोबणींत एखादी निरुपद्रवी पाचर आधींच बसवून ठेवली, तर विष आंत शिरणार नाहीं आणि दाह होणार नाहीं. ही कल्पना प्रथम छातीच्या रोगावर नव्हे, तर रक्तांत जंतु पसरून होणाऱ्या जीवघेण्या दाहावर अजमावण्यांत आली. एका निरुपद्रवी जंतूच्या कवचांतील स्निग्धद्रव्याच्या धर्तीवर एरिटोरान नांवाचें औषध बनविलें. प्रयोगशाळेंत तें उत्कृष्ट चाललें. मग १,९६१ अत्यवस्थ रोग्यांवर चांचणी झाली. तिचा निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस दिवसांत औषध दिलेल्यांपैकीं शेंकडा २८.१ मेले, नुसतें पाणी दिलेल्यांपैकीं शेंकडा २६.९. वीस वर्षांच्या मेहनतीचें हें फळ.

अपयशाचीं कारणें अनेक सांगतात. रोगी रुग्णालयांत येईपर्यंत हाकाटी होऊन गेलेली असते, मग दार लावून काय उपयोग, हें त्यांतलें एक. पण अधिक खोल प्रश्न निराळा आहे. ज्या उंदरांना अंतर्विष बाधत नव्हतें, त्यांचें भाग्य हेवा करण्याजोगें नव्हतें. विषमज्वराच्या जातीचे थोडेसे जंतु टोंचले तरी ते मरत. मनुष्यांतहि ह्याचा दाखला आहे. टोलसदृश ग्राहींचा निरोप पेशीच्या आंत पोंचविणारें एक प्रथिन कांहीं मुलांत जन्मतः नसतें. २००३ सालीं अशीं मुलें ओळखलीं गेलीं. बाहेरून तीं धडधाकट दिसतात, पण न्यूमोनियाच्या जंतूंपुढें तीं हतबल असतात. सर्वांत वाईट काळ बालपणाचा, आणि जीं त्यांतून वांचतात त्यांचीं दुखणीं पुढें कमी होतात. ज्या पहारेकऱ्याची हाकाटी जिनांतील कामगाराला झोंपूं देत नाहीं, तोच त्याच्या लेंकराला जगवितो. त्याला कायमचा गप्प करण्यापूर्वीं दहादां विचार केला पाहिजे.

पहारेकऱ्याऐवजीं त्याची हांक अडवावी, हाहि मार्ग आहे, आणि संधिवातांत तो यशस्वी झाला आहे. सायटोकाइनांपैकीं एक प्रमुख द्रव्य निष्प्रभ करणारीं औषधें आलीं आणि आखडलेलीं बोटें पुन्हां हलूं लागलीं. परंतु २००१ सालीं असें नजरेस आलें कीं, अशा औषधांखालीं असलेल्यांच्या देहांत वर्षानुवर्षें निजलेला क्षय जागा होऊं शकतो. हिंदुस्थानांत क्षयाचा निजलेला जंतु किती जणांच्या छातींत आहे ह्याचा विचार केला म्हणजे ह्या सूचनेचें वजन येथें अधिक पडतें. म्हणून अशीं औषधें देण्यापूर्वीं छातीचा फोटो व क्षयाची तपासणी करतात. ती टाळूं नये.

ग्राहींवर लक्ष्य धरणाऱ्या औषधांत जें सर्वांत जुनें आणि स्वस्त आहे, तें मात्र कोणी त्या हेतूनें शोधलेलें नव्हतें. हिंवतापाच्या गोळ्यांनीं ल्यूपस नांवाच्या रोगाचे चट्टे कमी होतात, असें इंग्लंडांतील डॉ. पेज यांनीं १९५१ सालीं लिहिलें. ह्या रोगांत देह स्वतःवरच उलटतो. त्याच जातींतील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज ल्यूपसच्या उपचाराचा पाया आहे, आणि संधिवातांतहि तें देतात. त्याचें मर्म अर्ध्या शतकानंतर कळलें. टोलसदृश ग्राहींपैकीं सातवा व नववा हे पेशीच्या पृष्ठभागावर नसून आंतल्या पिशव्यांत बसतात. औषध त्या पिशव्यांत शिरून त्यांचें काम मंदावतें. येथें चौथा ग्राही बहुतेक मोकळा राहतो, पहारा चालू राहतो, आणि औषध वर्षानुवर्षें घेतां येतें. डोळ्यांची वेळोवेळीं तपासणी मात्र करावी लागते. सर्व ग्राही सरसकट न अडवितां ज्या रोगांत जो चुकतो तेवढाच अडवावा, अशी दिशा अलीकडच्या संशोधनानें धरली आहे, ती ह्यावरूनच. कापसाच्या धुळीच्या रोगावर अशी गोळी अद्याप कोणी दिलेली नाहीं. श्वासनलिका रुंदावणारा फवारा तात्पुरता आराम देतो, इतकेंच.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सायंकाळीं छाती आवळणाऱ्या माणसाला सकाळीं पहारेकरी झोंपविणारी गोळी देऊन पुन्हां त्याच धुळींत उभें करणें, ही कल्पना उद्यां शक्य झाली तरी ती वैद्यकाला शोभणारी नाहीं. शत्रु खोटा असला तरी धूळ खरी आहे. ती कमी करतां येते, हें सिद्ध झालेलें आहे. अमेरिकेनें १९७८ सालीं सूत काढण्याच्या विभागांत दर घनमीटर हवेंत २०० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक कापूसधूळ नसावी असा नियम केला. रुई सौम्यपणें धुतली तर विष पुष्कळ उतरतें, म्हणून अशा रुईला नियमांतून सूटहि दिली. हिंदुस्थानांत १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें हा रोग नोंदविण्याच्या रोगांत घातला, आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यांतहि तो आहे. परंतु यादींत नांव असणें निराळें आणि रोग्याच्या कागदावर तें लिहिलें जाणें निराळें. गिरणगांवांतील पिढ्यान् पिढ्या खोकल्या. मुंबईच्या एका गिरणींतील बिसिनोसिसचा डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकारी यांचा अभ्यास प्रसिद्ध होण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. तोंवर कोणाचा दमा, कोणाचा क्षय, कोणाचा बिडीचा खोकला.

जिनांचें चित्र गिरण्यांइतकें ठळक नाहीं. हंगाम कांहीं महिन्यांचा, माणसें बदलतीं, पावसाळ्यांत छातीला विसांवा. त्यामुळें रोग येतो तो चोरपावलांनीं. २००० सालीं सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेनें पुष्कळ जिनांतून नवीं यंत्रें आणलीं, तीं रुईंत कचरा राहूं नये म्हणून. रुईचा कचरा मोजला गेला. त्याच दालनांतील हवेचा कचराहि मोजावा, ही मागणी अवास्तव नाहीं. कापूस कोरडा वेचणें, पाला न मिसळणें, गंजीला ओल लागूं न देणें ह्यानें जंतूंची वाढ उणी होते, आणि धूळ ओढून घेणारा पंखा रेच्यापाशींच हवा, भिंतींत नव्हे. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यानें रुईचे पुंजके अडतात. बारीक धूळ कडेनें आंत जाते. शांघायच्या सूतगिरण्यांतील कामगारांची श्वासपरीक्षा १९८१ पासून वर्षानुवर्षें केली गेली, आणि धुळीपासून दूर झालेल्यांच्या श्वासांत कांहीं अंशीं सुधारणा झालेली दिसली. म्हणजे वेळेवर ओळख पटली तर गेलेलें थोडें परत मिळतें.

इटलींतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनीं धंद्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० सालीं काढला. ताग-जवसाच्या तंतूंची पिंजणी करणाऱ्यांचा खोकलाहि त्यांनीं त्यांत नोंदविला आहे. वैद्यानें रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत त्यांनीं एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? कळंबचा रोगी यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जावो वा वर्ध्याकडे सेवाग्रामला जावो, त्याला हा प्रश्न विचारला जावा. आणि त्यानें कापूस म्हटलें तर त्याला जोडून दुसरा, त्रास आठवड्यांतून कोणत्या दिवशीं अधिक? सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं कामावर जाण्यापूर्वीं एकदां आणि काम सुटल्यावर एकदां, फुंकर मोजण्याच्या नळींत त्याला फुंकावयास लावावें. दोन आंकड्यांत अंतर दिसलें तर निदानाचें अर्धें काम तेथेंच झालें.